समोरच्या फळ्यावरचा भाव

देझिरे रेनिए याने सें-मार्तच्या चौकात हाताने फिरवायच्या पंपावर पेट्रोल विकायला सुरुवात केली. त्याचा मुलगा ज्यूल, त्याने त्या एका पंपाचे तीन केले. ज्यूलचा मुलगा नॉर्बर्ट, त्याने तिनाचे नऊ. आणि नॉर्बर्टची मुलगी कोलेट, जिने पंपावरचा गल्ला एक दिवसही सांभाळला नव्हता, ती त्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये विधानसभेच्या समितीच्या टेबलामागे बसणार होती. आणि पणजोबा, आजोबा व बाप या तिघांनी उभे केलेल्याचे पुढे काय व्हायचे, ते तिच्या हात वर करण्यावर येऊन ठेपले होते.

या नामावळीत बायकांची नावे कोणी घेत नसे. ज्यूलची विधवा ओदिल हिला त्याचे वैषम्य नव्हते. कंपनीच्या समभागांवर नाव तिचे होते आणि तिच्या सहीवाचून नऊ पंपांपैकी एकाची नळीही बदलत नसे. चौऱ्याऐंशीव्या वर्षी एवढी ओळख तिला पुरेशी वाटे.

समितीच्या अध्यक्षांना बूया, म्हणजे इथला कढईतला रस्सा, फार प्रिय, म्हणून बैठक केर्मिसच्याच दिवशी ठेवली आहे, असे गावात बोलले जात होते. सुगीचा सण, बेल्जियमहून आलेल्या पूर्वजांचा. त्या दिवशी चर्चच्या आवारात ओकच्या लाकडांवर तीन अजस्र कढया चढत आणि कोंबडी, गोमांस, कोबी, गाजर, कांदा असे सारे आदल्या रात्रीपासून शिजून एकजीव होई. कढई ढवळायचा मेपलचा वल्हा यंदाही रेनिएंकडे होता. पन्नास वर्षे तो त्यांच्याकडेच होता. त्याआधी तो मासार घराण्याकडे होता, हे आता म्हाताऱ्यांनाच ठाऊक. आणि तो त्यांच्याकडून काढून घेतला जाण्यामागचे खरे कारण ठाऊक असलेली जिवंत माणसे दोनच होती.

ओदिल कढईजवळ खुर्ची टाकून बसली होती. नॉर्बर्ट वल्हा फिरवत होता. डेरेक, त्याचा मुलगा, हातात निळी फाईल घेऊन आला.

"आजी, धूर लागतोय तुला. सावलीत चल."

"या धुरात बसूनच तुझ्या बापाला वाढवला. काय हवंय ते बोल."

"तुला माहीत आहे काय हवंय."

"सही."

"सही," डेरेक म्हणाला. "मिनियापोलिसचे कंपनीवाले सोमवारपर्यंत थांबतायत. आज समितीनं कायदा मोडीत काढायची शिफारस केली की ते पूर्ण भाव देणार. नाही केली तर निम्मा."

"आणि मी सही नाहीच केली तर?"

"तर ते आपल्याला विकत घेणार नाहीत, आपल्या समोर पंप टाकतील. बाबांना विचार. खरेदीच्या भावाखाली पेट्रोल विकायला बंदी आहे म्हणून आज आपण टिकलोय. ती बंदी आज नाही तर पाच वर्षांनी जाणारच. तेव्हा कोण घेणार आपले पंप?"

ओदिलला त्याच्या बोलण्यात चूक सापडली नाही, आणि याचाच तिला राग आला. नॉर्बर्टने मान वर केली नाही. दोघांच्या मध्ये उभे राहावे लागले की तो नेहमीच हातातल्या कामात बुडून जाई.

"नॉर्बर्ट, तुझं काय म्हणणं?"

"आई, माझे गुडघे गेलेत," नॉर्बर्ट म्हणाला. "मला अजून दहा वर्षं लढायचं नाहीये. पण सही तुझी आहे."

"म्हणजे तू त्याच्या बाजूचा."

"मी कुठल्याच बाजूचा नाही."

"तेच ते," ओदिल म्हणाली.

तेवढ्यात कोलेट आवाराच्या फाटकातून आत आली. समितीतले दोघे तिच्या मागे होते, हे पाहून तिने आजीच्या गालाला गाल लावला तोही बेताने, शेजाऱ्याने लावावा तसा.

"या, आमदारबाई," डेरेक म्हणाला. "घरच्यांना ओळख दाखवायला परवानगी काढावी लागते का?"

"ओळख फुकट आहे. कायद्याचं बोलायचं नाही एवढंच."

"मग काय बोलू? हवापाणी?"

"गाजरं कच्ची आहेत का विचार," कोलेट म्हणाली. "दादा, खरंच. माझ्या नावावर एक समभाग नाही म्हणून मला तिथे बसू दिलंय. तू इथे फाईल घेऊन उभा आहेस ते अख्खं आवार बघतंय."

"बघू दे. आज मोठी गंमत आहे. त्यांच्या वकिलाकडे एक फोटो आहे. तुमचा तो लाडका म्हातारा साक्ष द्यायला उठला ना, की दिसेलच."

"कुठला म्हातारा?" ओदिलने विचारले.

डेरेकला आपण जास्त बोललो हे कळले. "काही नाही गं," म्हणून त्याने फाईल काखेत मारली आणि तो हॉलकडे निघाला. ओदिल त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. गुरुवारी पहाटेही तिने त्याची पाठच पाहिली होती.

चौकातला पंप हा घराण्याचा पहिला पंप. त्याच्या वरच्या मजल्यावर ती राहत असे. बाकी आठ ठिकाणी दिव्यांचे आकडे लागले होते, पण इथे तिने ते लावू दिले नव्हते. इथे अजून उंच फळा होता आणि लांब बांबूच्या टोकाला रबरी वाटी लावून प्लास्टिकचे आकडे एकेक काढायचे नि चढवायचे, अशी जुनी पद्धत होती. गुरुवारी उजाडायच्या आत तिने खिडकीतून पाहिले, तर डेरेक स्वतः बांबू घेऊन आकडे बदलत होता. पाच वर्षांत त्याने त्या बांबूला हात लावला नव्हता. पोराला अखेर आपल्या धंद्याची लाज वाटेनाशी झाली, असे मनात येऊन ती सुखावली होती. वर बोलावून तिने त्याला कॉफी पाजली होती आणि घरी भाजलेल्या गोड भाताच्या पाईचा मोठा तुकडाही दिला होता.

हॉल भरला होता. समिती राज्यातल्या धंद्यांवरचे जुने नियम तपासत गावोगाव फिरत होती. सकाळचा वेळ न्हाव्यांच्या परवान्यांत आणि दुधाच्या डब्यांवरच्या लेबलांत गेला आणि मागच्या बाकांवरचे शेतकरी चक्क घोरू लागले. मग पेट्रोलचा विषय निघाला नि सगळे सरसावून बसले.

अल्सीद मासार पुढे आला. वय अठ्ठ्याऐंशी, अंगात लग्नातला कोट, नखांत जन्माचे ग्रीस. रेनिएंच्या पंपासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्याचा एकुलता एक पंप होता. तो माइकपासून हातभर लांब उभा राहून बोलला, तरी सर्वांना ऐकू गेले.

"माझ्याकडे एक पंप आहे. मोठ्या कंपनीकडे हजार. ते माझ्यासमोर वर्षभर तोट्यात विकतील, मी महिनाभर विकू शकणार नाही. मी बंद झालो की ते भाव वाढवतील, आणि तेव्हा तुम्ही लोक माझी आठवण काढाल. हा कायदा मला श्रीमंत करत नाही. फक्त रस्त्याच्या कडेला उभं राहू देतो. एवढंच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मिनियापोलिसच्या कंपनीचा वकील उठला. त्याने पडद्यावर एक फोटो दाखवला. मासारचा फळा; आणि त्यावर त्या दिवशीच्या खरेदीपेक्षा बारा सेंट खालचा भाव.

"हा परवाचा, गुरुवारी सकाळी नऊचा," वकील म्हणाला. "ज्या कायद्याचं रक्षण श्रीयुत मासार मागतायत, तो ते स्वतः मोडतात. रस्त्यापलीकडे रेनिए ऑइलचा फळा पहा, भाव कायदेशीर आहे. आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. चौसष्ट साली याच कायद्याखाली श्रीयुत मासार यांनी दंड भरलाय. जो कायदा पाळणाऱ्यालाही पाळता येत नाही, तो ठेवायचा कशाला?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. गुरुवारी नऊला डेरेक तिच्याकडे कॉफी पीत बसला होता. आणि त्याआधी, उजाडताना, त्याने फळ्यावर नेमके काय चढवले होते, हे आता तिला दिसले.

शेजाऱ्याचा भाव गाठायला कायद्यात मुभा होती. समोरच्याने उतरवला तर आपणही तेवढाच उतरवावा आणि त्याच दिवशी राजधानीला, मॅडिसनला, कळवावे. अल्सीद मासार सत्तर वर्षे हेच करत आला होता: चुलीवर कॉफी चढवायची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून रेनिएंचा फळा बघायचा आणि आपल्या फळ्यावर तोच आकडा लावायचा. मॅडिसनला कळवायची वेळ फारशी येत नसे, कारण रेनिए सहसा खाली उतरत नसत. डेरेकने तासभर भाव पाडला, म्हाताऱ्याने तो इमानदारीने गाठला, डेरेकने आपला परत चढवला. आणि केर्मिसचे कांदे चिरायला चर्चमध्ये गेलेला म्हातारा दुपारपर्यंत परत आला नाही.

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "श्रीयुत मासार, तुम्ही कुणाचा भाव गाठत होतात का? तसं असेल तर सांगा. मग हा गुन्हा ठरत नाही."

अल्सीदने दाराकडे पाहिले. तिथे डेरेक भिंतीला टेकून उभा होता. मग टेबलाकडे; तिथे कोलेट कागदावर नजर लावून बसली होती. लहानपणी ती सायकलच्या चाकात हवा भरायला रोज रस्ता ओलांडून त्याच्याकडे जाई, कारण घरच्या पंपावर तिला रांगेत उभे करत. शेवटी त्याने ओदिलकडे पाहिले. क्षणभरच.

"सकाळी धुकं होतं, साहेब," तो म्हणाला. "नीट दिसलं नाही. माझीच चूक."

गुरुवारी धुके नव्हते.

अध्यक्षांनी जेवणासाठी बैठक थांबवली. अल्सीद बाकांच्या मधल्या वाटेने बाहेर निघाला, तेव्हा लोकांनी अंग चोरून वाट दिली. "तेव्हाही असाच होता," मागून कोणीतरी म्हणाले.

तेव्हाही असाच होता. ओदिलला ते वर्ष आठवायला प्रयास पडले नाहीत. हमरस्त्यावर मोठ्या कंपनीने पंप टाकला होता, गिऱ्हाईक तिकडे वळले होते, आणि घाबरलेल्या ज्यूलने आठवडाभर खरेदीच्या खाली पेट्रोल विकले होते. मॅडिसनहून तपासनीस आला. ज्यूल त्याआधी एकदा सापडलेला. दुसऱ्यांदा सापडला असता तर बँकेने हात काढला असता आणि तीनही पंप गेले असते. ओदिल गल्ल्यामागे उभी होती, कडेवर नॉर्बर्ट. तेव्हा अल्सीद मासार हात पुसत रस्ता ओलांडून आला आणि तपासनीसाला म्हणाला, "भाव आधी माझा उतरला. तो माझा गाठत होता." शुद्ध खोटे. दंड त्याने भरला. भाव पाडणारा म्हणून नाव त्याचे झाले. त्या वर्षी चर्चने मासारांकडून वल्हा काढून ज्यूलला दिला, आणि ज्यूलने तो घेतला. उपकार इतका मोठा होता की पुढे ज्यूलला त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. दोन घरांमधले बोलणे तिथेच संपले. गावाने त्याला वैर म्हटले.

कढईजवळ ती पोचली तेव्हा नॉर्बर्ट वल्ह्यावर रेलून उभा होता आणि डेरेक लोकांना वाडगे भरून देत होता.

"गुरुवारी तू फळ्यावर काय चढवलंस?" तिने विचारले.

डेरेकने पळी खाली ठेवली. "आजी, इथे नको."

"इथेच."

"बेकायदा काही केलं नाही मी. तासभर भाव उतरवला. माझा पंप—"

"माझा पंप."

"तुझा पंप. तासाभराचा तोटा कुणी कोर्टात नेत नाही. त्यानं मागे यायचंच असं मी सांगितलं नव्हतं."

"तो येणार हे तुला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि फोटो त्या वकिलाला कुणी दिला, तेही मी विचारत नाही, कारण उत्तर तुझ्या तोंडावर आहे."

नॉर्बर्टने वल्हा सोडला. पन्नास वर्षांत उकळत्या कढईत वल्हा सोडलेला तिने पाहिला नव्हता. "डेरेक, तू हे केलंस?"

"तुमच्या गुडघ्यांसाठी केलं, बाबा. तुम्हीच रोज म्हणता, सुटू दे एकदा."

नॉर्बर्ट आईकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "आई, चूक झाली. मोठी झाली. पण तू आत जाऊन बोललीस तर पोरीचं काय? भाऊ असा, बहीण त्या टेबलावर. लोक म्हणतील दोघांचं संगनमत होतं. व्यवहार जाईल, तिचं राजकारण जाईल. अल्सीद बोलला नाही. त्याला नकोय. मग तू कशाला?"

"तो बोलला नाही म्हणूनच."

कोलेट वाडगा न घेताच त्यांच्याकडे आली होती. तिच्या चेहऱ्यावरून ओदिलला कळले की तिलाही खिडकी, बांबू आणि फळा यांचा हिशेब लागला आहे. त्या घरात वाढलेल्या कोणालाही लागला असता.

"कोलेट," ओदिल म्हणाली, "तुला एक सांगायचंय."

"मला सांगू नकोस, आजी." कोलेटचा आवाज कोरडा होता. "मला सांगितलंस तर ती घरातली गोष्ट होईल. सांगायचं असेल तर माइकवर सांग."

"तुला त्रास होईल."

"होईल. पुढच्या निवडणुकीला बाबांसारखी लंगडत दारोदार फिरेन." ती डेरेककडे वळली. "आणि तू, दादा, मला एकदा विचारायचं होतंस मी कुणाच्या बाजूनं मत देणार आहे. मी बंदी उठवायच्या बाजूची होते. तुझंच म्हणणं मला पटत होतं, मूर्खा."

डेरेक प्रथमच खाली बसला, कढईशेजारी रचलेल्या लाकडांवर.

बैठक पुन्हा सुरू झाल्यावर ओदिल रेनिए हिने साक्षीदारांच्या यादीत आपले नाव घालायला सांगितले. यादी संपली आहे, असे कारकून म्हणाला. ती फक्त त्याच्याकडे पाहत राहिली, आणि यादी संपलेली नाही असे त्याला आढळून आले. ती माइकपुढे गेली. हातातली काठी तिने बाकाला लावून ठेवली. अशा वेळी टेकून उभे राहणे तिला पसंत नव्हते. मागच्या रांगेत, दाराजवळ, अल्सीद मासार कोट हातावर घेऊन बसला होता. त्याने तिला उठताना पाहिले आणि मान हलवली. नको. तिने ते पाहिले आणि पाहिले नाही.

"मी ओदिल रेनिए. पडद्यावर उजवीकडे जो फळा दिसतो तो माझा. गुरुवारी पहाटे तो माझ्या नातवानं खाली उतरवला, मासारांचा उतरायच्या आधी. मी खिडकीतून पाहिलं. मग तासाभरानं त्यानं तो परत चढवला आणि फोटो काढू दिला." पुढचे शब्द तिने सावकाश उच्चारले, कारण ते तिचे नव्हते आणि तिला ते जसेच्या तसे द्यायचे होते. "भाव आधी माझा उतरला. तो माझा गाठत होता."

लोकांच्या माना मागच्या रांगेकडे, मासारकडे वळल्या.

"म्हणजे हे मुभेत बसतं," अध्यक्ष शेवटी म्हणाले. "मॅडिसनला कळवायचं राहिलं, एवढंच."

"ते पत्र आज माझ्या सहीनं जाईल," ओदिल म्हणाली. "माझी सही सध्या मोकळी आहे."

वकिलाने पडदा बंद केला. कोलेट उठून उभी राहिली आणि म्हणाली की तिच्या घरचे नाव या विषयात आले आहे, म्हणून ती मत देणार नाही. आणि टेबलामागून निघून लोकांत, एका बाकाच्या टोकाला जाऊन बसली. तिच्याविना दोन्ही बाजू सारख्या झाल्या. बंदी उठवायची शिफारस तिथेच अडली.

बाहेर डेरेक फाईल घेऊन उभा होता. ओदिलने ती त्याच्या हातून घेतली आणि कढईखालच्या लाकडांत सरकवली. "सोमवारी उजाडायच्या आत चौकातल्या पंपावर ये," ती म्हणाली. "बांबू तिथेच आहे. रोज आकडा तू लावायचास. आणि लावून झालं की रस्ता ओलांडून जायचं आणि मासारांना तोंडानं सांगायचं, आजचा भाव हा आहे."

"किती दिवस?"

"ते बस म्हणतील तोपर्यंत."

मग तिने नॉर्बर्टकडे हात पुढे केला. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याने वल्हा बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि तिच्या हातात दिला. वल्हा तिच्याहून उंच होता. तो घेऊन ती आवार ओलांडून गेली, आणि ज्यांनी पन्नास वर्षांत ही दोन माणसे बोलताना पाहिली नव्हती ते सारे वाडगे हातात तसेच धरून पाहत राहिले.

अल्सीद फाटकाशी पोचला होता. तो थांबला. तिने पूर्वजांच्या जुन्या वालून बोलीत सुरुवात केली, जी आता दोघांनाच नीट येत होती.

"मासार, कढई करपतेय. माझ्या मुलाचे गुडघे गेलेत."

त्याने वल्ह्याकडे पाहिले. मुठीजवळ त्याच्या बापाने चाकूने कोरलेली खूण अजून होती. त्याने तिच्यावर अंगठा फिरवला.

"मघाचं ते वाक्य," तो म्हणाला, "माझं होतं, वहिनी."

"होतं. म्हणूनच परत केलं."

"एक अक्षर बदललं नाहीत."

"का बदलू? माणसाची वस्तू जशी नेली तशीच द्यावी." तिने वल्हा त्याच्याकडे सरकवला. "फक्त तुम्ही बोललात तेव्हा ते खोटं होतं, आणि मी बोलले तेव्हा खरं. तेवढं व्याज धरा."

अल्सीद मासारने कोट तिच्या हातात दिला, बाह्या वर केल्या, वल्हा खांद्यावर घेतला आणि तो कढईकडे गेला. तळापासून एकदा ढवळून त्याने वल्ह्याच्या टोकावरचा रस्सा चाखला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात नॉर्बर्टला म्हणाला,

"पन्नास वर्षं झाली, तुम्हाला अजून मीठ घालता येत नाही."